चमचाभर औषधाचा प्रवास

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी फळी, कपाटाचा एखादा खण, निदान बिस्किटांचा एखादा जुना डबा तरी औषधांसाठी राखून ठेवलेला असतोच. त्यात तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी असते, तळाशी थोडे औषध उरलेली खोकल्याची बाटली असते, आणि नाव पुसट झालेली, कोणासाठी आणली होती हेही आता न आठवणारी एखादी पुडी असते. डोके दुखू लागले की त्यातील एक गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि तास-अर्ध्या तासात दुखणे ओसरावे, हा अनुभव आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही नवल आहे असे आपणांस वाटतच नाही. वस्तुतः नवल मोठे आहे. गोळी जाते पोटात, आणि दुखणे असते डोक्यात. मग त्या गोळीला डोक्याचा पत्ता कोण सांगतो? आणि आपले काम संपल्यावर ती जाते तरी कोठे?

पत्ता कोणीच सांगत नाही, हे या प्रश्नाचे खरे उत्तर होय. पोटात गेलेले औषध रक्तात मिसळते, रक्ताबरोबर अंगभर फिरते आणि जेथे त्याचा परिणाम होण्याजोगी जागा असेल तेथे परिणाम घडविते. शरीर मात्र त्या औषधाकडे पाहुणा म्हणून पाहत नाही. परका पदार्थ म्हणूनच पाहते आणि आल्या क्षणापासून त्याला बाहेर घालविण्याच्या उद्योगास लागते. शोषण, वितरण, रूपांतर आणि उत्सर्जन अशा चार टप्प्यांत हा प्रवास पार पडतो. तो समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. १९९८ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या रुग्णालयांत तेहतीस लहान मुले दगावली. या प्रवासाची ओळख झाल्यावाचून त्यांच्या मृत्यूचा अर्थ लागत नाही, आणि असे पुन्हा घडू नये म्हणून घरात कोणती दक्षता घ्यावी हेही कळत नाही. म्हणून आधी आपण औषधाबरोबर चार पावले चालून पाहू.

आतड्याचे दार

तोंडावाटे घेतलेली गोळी जठरात विरघळू लागते. परंतु तिचा शरीरात खरा प्रवेश होतो तो बहुधा लहान आतड्यात. या आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यामुळे आतड्याचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि अन्नरसाप्रमाणेच औषधही या अंकुरांतून रक्तात उतरते.

हे दार सर्व औषधांना सारखेच उघडे नसते. मधुमेहावरील इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते गिळले तर डाळीतील प्रथिनाप्रमाणे पचून जाईल, म्हणून ते सुईवाटे द्यावे लागते. टेट्रासायक्लिनसारखी औषधे दुधाबरोबर घेतली तर दुधातील कॅल्शियमशी त्यांची गाठ पडते आणि त्यांचा बराच भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेणाऱ्या गृहिणींना पुरेसा गुण येत नाही. कारण चहातील द्रव्ये लोहाला आतड्यातच अडकवून ठेवतात. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावयास सांगतात, तर काही वेदनाशामके जेवणानंतर घ्यावयास सांगतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले ‘जेवणापूर्वी’ वा ‘जेवणानंतर’ हे शब्द उपचार म्हणून लिहिलेले नसतात. औषधाला दार उघडे मिळावे किंवा पोटाला इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो.

दारातून आत आलेले औषध लगेच सर्व शरीरात पसरते असेही नाही. आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे न जाता प्रथम यकृताकडे नेले जाते. जुन्या काळी गावाच्या वेशीवर जकातनाका असे, तसे हे यकृत होय. काही औषधांचा मोठा हिस्सा या नाक्यावर पहिल्याच फेरीत अडवून निकामी केला जातो. छातीत कळ आली असता हृदयविकाराच्या रोग्याला जिभेखाली ठेवण्याची गोळी देतात, ती याच कारणाने. जिभेखालच्या रक्तवाहिन्यांतून औषध थेट रक्तात शिरते, यकृताचा नाका टळतो आणि थोड्या मिनिटांत आराम पडतो. तीच गोळी गिळली तर तिचा बराचसा भाग वाटेतच खर्ची पडेल.

रक्ताच्या वाटेने

नाका ओलांडलेले औषध रक्ताबरोबर अंगभर फिरू लागते. त्यातील काही भाग रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतो, तर काही मोकळा असतो. परिणाम घडवितो तो हा मोकळा भाग. काही औषधे शरीरातील पाण्यात पसरतात, काही चरबीत साठून राहतात. मेंदूभोवती निसर्गाने एक कडेकोट पहारा ठेवला आहे, त्यातून मोजकीच औषधे आत जातात. गर्भवती स्त्रीची वार मात्र इतकी कठोर नसते. आईने घेतलेली पुष्कळशी औषधे वारेतून गर्भापर्यंत आणि पुढे दुधावाटे तान्ह्या बाळापर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच आपण गर्भवती आहोत किंवा अंगावर पाजीत आहोत, ही गोष्ट स्त्रीने डॉक्टरांना न विचारता आपण होऊन सांगितली पाहिजे.

लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. नवजात बालकाच्या शरीरात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते; प्रौढाच्या शरीरात ते साठ टक्क्यांच्या आसपास असते. साहजिकच औषध पसरण्याची जागा निराळी, त्याची मात्राही निराळी. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान आवृत्ती नव्हे. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा मोडून मुलाला देणे ही आपल्याकडे सर्रास आढळणारी रीत याच कारणाने घातक ठरते.

यकृताची कार्यशाळा

अंगभर फिरताना औषध पुनःपुन्हा यकृतातून जाते. येथे विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्याचे रूप पालटतात. यकृताचा हेतू सरळ असतो. चरबीत विरघळणारा पदार्थ लघवीवाटे सहज बाहेर टाकता येत नाही. त्याला पाण्यात विरघळणारे रूप दिले की मूत्रपिंडाचे काम सोपे होते. धुणे घालण्यापूर्वी कपडे भिजत टाकावेत, तशी ही पूर्वतयारी असते.

पॅरासिटामॉल हे आपल्या घरोघरचे औषध. त्याचा बहुतांश भाग यकृत दोन निरुपद्रवी संयुगांत बांधून टाकते. फारच थोड्या भागाचे मात्र एका जहाल पदार्थात रूपांतर होते, आणि यकृत आपल्याजवळील ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याने त्याचा जहालपणा तत्काळ मोडून काढते. नेहमीच्या मात्रेत याची कोणालाच जाणीव होत नाही. पण मात्रा अतोनात वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तो जहाल पदार्थ यकृताच्या पेशींवरच तुटून पडतो. निरोगी प्रौढाने चोवीस तासांत चार ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये, असे सांगतात ते यासाठीच. सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तीन निरनिराळ्या नावांखाली हेच एक औषध आपण तीनदा घेत नाही ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे.

सर्वांच्या यकृताचा वेग सारखा नसतो. क्षयरोगावरील आयसोनायझिड हे औषध काही माणसांचे यकृत झपाट्याने निकामी करते, तर काहींचे सावकाश. हा भेद आनुवंशिक असतो आणि आपल्या देशात सावकाश करणारांचे प्रमाण मोठे आहे. एका औषधामुळे दुसऱ्याचा वेगही बदलतो. क्षयावरीलच रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांना इतकी चालना देते की सोबत घेतलेली संततिनियमनाची गोळी लवकर निकामी होऊन तिचा भरवसा राहत नाही. अशा स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरा उपाय योजला पाहिजे. आपण घेत असलेले प्रत्येक औषध, मग ते वैद्याकडील असो वा दुकानातून परस्पर आणलेले असो, डॉक्टरांच्या कानावर घालणे किती अगत्याचे आहे, हे यावरून दिसून येईल.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत यकृताची ही कार्यशाळा पुरती उभी राहिलेली नसते. क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक नवजात बालकांना मोठ्या मात्रेत दिल्याने त्यांचा वर्ण राखट पडून ती दगावतात, हे १९५९ च्या सुमारास ध्यानात आले. जे औषध प्रौढाचे यकृत सहज हाताळते, तेच त्या कोवळ्या जिवांच्या रक्तात साचत गेले होते. उलट, वर्ष-दोन वर्षांपुढचे मूल काही औषधे मोठ्यांपेक्षाही लवकर निकालात काढते. म्हणूनच मुलाचे औषध अंदाजाने नव्हे, तर वय आणि वजन पाहून ठरवावयाचे असते.

मूत्रपिंडाची गाळणी

यकृताने सिद्ध केलेला माल शेवटी बाहेर टाकतात ती मूत्रपिंडे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रौढ माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. गाळण्यांना जोडलेल्या बारीक नलिका त्यातील पाणी, साखर आणि क्षार परत रक्तात घेतात, आणि अखेर दीड-दोन लिटर लघवी उरते. रिफॅम्पिसिन घेणाऱ्या रोग्याची लघवी नारिंगी होते. ते काही दुखणे नव्हे, औषध बाहेर पडत असल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण होय.

रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास जितका काळ लागतो त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल प्रौढात सुमारे दोन ते तीन तासांचा असतो. असे पाच अर्धायुकाल उलटले की शंभरातील जेमतेम तीन भाग शिल्लक राहतात. काही औषधे दिवसातून एकदा, तर काही तीनदा घ्यावयाची असतात, याचे एक मोठे कारण हेच. मात्रा चुकविली तर रक्तातील प्रमाण उपयुक्त पातळीखाली घसरते. घाई करून लागोपाठ दोन मात्रा घेतल्या तर ते मर्यादेबाहेर चढते. उतारवयात मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती हळूहळू मंदावते, म्हणून आजी-आजोबांच्या अंगात तेच औषध अधिक काळ रेंगाळते. गेल्या दहा वर्षांत सोसले म्हणून ते आजही तसेच सोसेल, असे धरून चालू नये.

दिल्लीचा तो उन्हाळा

येथवर जे पाहिले त्यावरून शरीराची ही व्यवस्था किती चोख आहे, याची आपणांस कल्पना आली असेल. परंतु तिची एक मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ही यंत्रणा इमानी आहे, पण तिला पारख नाही. आत आलेला पदार्थ औषध आहे की विष, हे न पाहता आतडे त्याला आत घेते आणि यकृत आपल्या ठरावीक रीतीने त्याचे रूप पालटते. रूप पालटल्याने विष सौम्य होईलच असा नियम नाही. कधी कधी ते त्यामुळेच प्राणघातक होते. दिल्लीत नेमके हेच घडले.

१ एप्रिल ते ९ जून १९९८ या काळात दिल्लीच्या रुग्णालयांत दोन महिने ते सहा वर्षे वयाची छत्तीस मुले एकाच विचित्र दुखण्याने दाखल झाली. त्यांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडली होती. यांतील सव्वीस मुले हरियाणातील गुडगाव जिल्ह्यातील, ज्याला आता गुरुग्राम म्हणतात तेथील, होती किंवा किरकोळ आजारासाठी गुडगाव शहरात उपचार घेऊन आलेली होती. आधी ताप, क्वचित जुलाब, थोडासा खोकला. खासगी डॉक्टरांनी दिलेली औषधे, ज्यांची नावे आईबापांना ठाऊक नव्हती. आणि मग लघवी बंद. प्रत्येक घरी क्रम हाच होता.

उत्तर हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात जुलाबाने शरीरातील पाणी आटून मूत्रपिंडे थकणे, ही काही अनोखी गोष्ट नव्हे. पण तपासणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. दाखल होताना या मुलांच्या शरीरातील पाणी आटलेले नव्हते. रक्तातील क्रिएटिनिन मुलांत सामान्यतः एक मिलिग्रॅमच्याही खाली असते. येथे त्याचे मध्यम प्रमाण ५.६ होते. रोग साथीचा असावा या शंकेने घरोघरी जाऊन चौकशी झाली. आजारी व निरोगी माणसांचे रक्त आणि शौच तपासले गेले. पिण्याच्या पाण्याची व कूपनलिकेच्या पाण्याचीही परीक्षा झाली. मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यातील नलिकांच्या पेशी मेलेल्या आढळल्या. ही खूण जंतूंपेक्षा विषाकडे अधिक बोट दाखविणारी होती. अखेर गुडगावच्याच एका कारखान्यात तयार झालेल्या खोकल्याच्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन सापडले, तेही शेकडा साडेसतरा इतके. या तपासाचा वृत्तांत २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

पोटाच्या पोकळीत द्रव सोडून रक्त शुद्ध करण्याचा उपाय डॉक्टरांनी योजला, जे जे शक्य ते केले. तरीही छत्तीसांपैकी तेहतीस मुले वाचली नाहीत.

गोड द्रवाचे विष कसे झाले

डायएथिलीन ग्लायकॉल हा रंगहीन, दाटसर आणि चवीला गोडसर द्रव आहे. कारखान्यांत तो द्रावक म्हणून आणि वाहनांच्या यंत्रांत घालावयाच्या द्रवांत वापरला जातो; औषधात त्याला मुळीच स्थान नाही. परंतु सिरपात ज्यांना स्थान आहे ते ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रव दिसावयास अगदी त्याच्यासारखे असतात आणि त्याहून महाग असतात. कोठे लोभाने, कोठे हलगर्जीपणाने एकाच्या जागी दुसरा येतो. पिंप उघडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला हा भेद कळणे शक्य नाही. तो प्रयोगशाळेतील परीक्षेनेच कळतो.

आता आपण मघाचाच मार्ग पुन्हा आठवू. हा द्रव पाण्यात सहज मिसळत असल्याने आतडे त्याला झटपट आत घेते. यकृतातील जे विकर मद्याचे रूपांतर करते, तेच त्याच्यावरही काम करू लागते. या रूपांतरातून शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते. ते मूत्रपिंडाच्या नलिकांत शिरते, तेथील पेशींत साचत जाते आणि त्या पेशी मरतात. ज्या मार्गाने विष बाहेर जावयाचे तो मार्गच बंद होतो. एक-दोन दिवस मूल केवळ ओकते, सुस्तावते, आणि आधीच्याच आजाराचा हा भाग असावा असे घरच्यांना वाटते. पुढे लघवी थांबते, आणि त्यानंतर मज्जासंस्थाही ग्रासली जाऊ शकते. यकृतातील त्या विकराला थोपवून धरणारे औषध आणि रक्तशुद्धी हे दोन उपाय यावर आहेत. परंतु नलिका मरण्यापूर्वी ते झाले तरच त्यांचा खरा उपयोग. दहा किलोच्या मुलाला दिलेला एक चमचा आणि साठ किलोच्या बापाने घेतलेला एक चमचा यांत किती अंतर पडते, हे निराळे सांगावयास नको.

जुना धडा, पुनःपुन्हा

हे विष नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत सल्फॅनिलामाइड या औषधाचे पातळ मिश्रण तयार करताना हेच रसायन द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यातूनच १९३८ साली तेथे औषधे बाजारात येण्यापूर्वी त्यांची सुरक्षितता सिद्ध करावयास लावणारा कायदा झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या औषधात हेच भेसळीने आले आणि चौदा रुग्ण प्राणास मुकले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली, ती महाराष्ट्रातील जुन्या वाचकांना आठवत असेल.

त्यानंतरही हा धडा पुरता शिकला गेला नाही. गांबिया देशात मुलांच्या मूत्रपिंडांना इजा होऊन मृत्यू घडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपांची सरकारमान्य प्रयोगशाळेत परीक्षा सक्तीची झाली. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणले गेले होते. त्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणतः देण्याजोगी नाहीत.

आपल्या हाती काय आहे

प्रत्येक पिंपाची परीक्षा करणे हे कारखानदाराचे आणि शासनाच्या औषध निरीक्षकाचे कर्तव्य आहे. ते गृहिणीच्या माथी मारून कोणालाही मोकळे होता येणार नाही. तथापि औषध कारखान्यातून घाऊक बाजारात, तेथून दुकानात आणि दुकानातून घरात येईपर्यंत कितीतरी हातांतून जाते. दिल्लीत चांदणी चौकातील भागीरथ पॅलेसच्या औषधबाजारात एकदा फेरी मारली तरी हे ध्यानात येते. या साखळीतील शेवटचा हात आपला असतो, आणि त्या हाताने करावयाच्या गोष्टी थोड्या असल्या तरी मोलाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, ज्याचे नाव ठाऊक नाही असे औषध मुलाला देऊ नये. डॉक्टरांनी बाटलीत ओतून दिलेले रंगीत औषध असो वा कागदात बांधलेली पुडी असो, ‘याचे नाव काय?’ असे विचारण्यात कोणताही अविनय नाही. गुडगावच्या मुलांच्या आईबापांना औषधांची नावे सांगता आली असती, तर तपासाला केवढे साहाय्य झाले असते! औषधाची पावती घ्यावी. औषधाचे नाव, कारखान्याचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि मुदत वाचून घ्यावी, आणि मूल पूर्ण बरे होईपर्यंत बाटली टाकून देऊ नये.

दुसरी गोष्ट मात्रेची. स्वयंपाकघरातील चमचे लहानमोठे असतात. त्यांनी औषध मोजू नये. बाटलीबरोबर मिळणाऱ्या खुणांच्या पेल्यानेच ते मोजावे. मुलाचे वजन डॉक्टरांना सांगावे आणि दोन मात्रांमधील अंतर पाळावे. ताप लवकर उतरावा म्हणून मात्रा वाढविणे म्हणजे यकृतावर अधिक भार टाकणे होय.

तिसरी गोष्ट, प्रत्येक खोकल्याला सिरप लागतेच असे नाही. लहान मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती, आणि वर्षावरील मुलाला थोडासा मध यांनी घशाला आराम पडतो. वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये. श्वास जोराने चालत असेल, मूल दूध पीत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आजारी मुलाच्या लघवीकडे लक्ष ठेवणे. एखादे औषध सुरू केल्यावर मूल वारंवार ओकू लागले, विलक्षण सुस्तावले, किंवा सहा-आठ तासांत त्याला लघवीच झाली नाही, तर औषध थांबवून बाटलीसह तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. आजी-आजोबांच्या बाबतीतही पायांवर सूज येणे किंवा लघवी कमी होणे ही खूण दुर्लक्षू नये.

औषधाने अपाय झाल्याची शंका आली तर ती मनात ठेवू नये. दिल्लीलगत गाझियाबाद येथे भारतीय औषधसंहिता आयोगाचे कार्यालय आहे. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद ठेवण्याचा २०१० साली सुरू झालेला कार्यक्रम तेथून चालविला जातो. १८०० १८० ३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, तर कोणीही सामान्य नागरिक माहिती कळवू शकतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विषबाधेविषयी सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्रही १९९५ पासून आहे. एका घरातून आलेली तक्रार कदाचित योगायोग ठरेल. पण चार घरांतून आलेल्या सारख्या तक्रारी पाचव्या घरातील मूल वाचवू शकतात.

आज रात्री जेवणे आटोपल्यावर औषधांचा तो डबा खाली काढावा. ज्यांची मुदत टळली आहे, ज्यांवरील नाव पुसले आहे, ज्या बाटल्या उघडून फार दिवस झाले आहेत, त्या बाजूला काढाव्यात आणि त्यांची विल्हेवाट कशी लावावी हे औषधविक्रेत्यास विचारून घ्यावे. उरलेल्यांवर कोणाचे औषध, केव्हा आणले, मात्रा किती, हे स्वच्छ अक्षरांत लिहून चिकटवावे आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवावा. यास अर्धा तासही लागणार नाही. आत गेलेल्या पदार्थाची निवड शरीराला करता येत नाही. ती निवड चमचा भरण्यापूर्वी आपणांसच करावी लागते.